बक्षीस घ्यायला ताई गेली

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण आमच्या घरातला फोन म्हणजे काय प्रकरण आहे ते तुला माहीत आहे. हे दिवसभर बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करतात, आणि घरी आल्यावरही फोन कानाला न लावता आवाज मोठा करून टेबलावर ठेवतात. मागे तू तुझ्या पोटाची तक्रार सांगितलीस ती खालच्या मजल्यापर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिघांनी मला तुझ्यासाठी उपाय सांगितले.

तर बसून वाच. मला लॉटरी लागली. पहिलं बक्षीस. आकडा लिहीत नाही, वाटेत कुणी पत्र उघडलं तर पंचाईत. एवढंच सांगते, की शून्यं मोजताना माझा दोनदा गोंधळ झाला आणि मग पुन्हा मोजायचं धाडस झालं नाही.

आनंद झाला, नाही असं नाही. अर्धा तास झाला. मग भीती वाटायला लागली. कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याने 'पहिलं बक्षीस इथून गेलं' असा फलक लावलाय, आणि सगळी गल्ली एकमेकांच्या तोंडाकडे बघतेय. कुणी नवी चप्पल घातली तरी चार माना वळतात. ह्यांना सांगितलं नाही. ज्यांच्या तोंडून रोज हजारो माणसांना बातम्या कळतात, त्यांना कशी सांगू?

पण खरी भीती किल्लीवालीची आहे. माझी शेजारीण, तू तिला पाहिलंयस. खाली कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवते आणि आमच्या भिंतीला लागून एकटी राहते. संध्याकाळी दुकान बंद केलं की आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसतो आणि गल्लीची उणीदुणी काढतो. माझ्या दिवसातला तेवढाच तुकडा माझा स्वतःचा असतो. पण बाई भारी मानी. मागे तिच्या आजारपणात मी औषधं आणून दिली, पैसे घ्यायला नकार दिला, तर बरी झाल्यावर तिने आमच्या कुलपाच्या किल्ल्या करून दिल्या. मी कितीही नको म्हटलं तरी देतच राहिली. आता घरात माणसं दोन आणि एका कुलपाला सहा किल्ल्या आहेत. अशी बाई माझ्याकडे एवढा पैसा आल्यावर पायरीवर बसेल का? जाता-येता हसेल आणि 'कशा आहात' म्हणेल. ताई, मला तिचं ते 'आहात' ऐकायचं नाहीये. पैसे हवेत, पण तिला न कळता हवेत. कसं करू ते सांग.

तिकीट सुरक्षित आहे. कामावर, ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, न्यायला न आलेल्या कपड्यांची एक रांग आहे, तिथल्या एका जुन्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. त्या कोटाकडे दोन वर्षांत कुणी फिरकलेलं नाही.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, पण प्रसंग पाहता सोडून देते.

प्रथम, ते तिकीट आजच्या आज त्या कोटातून काढ. इतकी वर्षं शाळेत मुलांनी कुठे कुठे काय काय लपवलं ते मी पाहिलंय, पण परक्या माणसाच्या कोटात भविष्य ठेवणारी तू पहिलीच. काढलंस की दोन्ही बाजूंची झेरॉक्स कर. गल्लीत करू नकोस, चार स्टॉप लांब जा.

मी इथल्या लॉटरीच्या मुख्य कार्यालयात जाऊन चौकशी करून आले. 'एका मैत्रिणीच्या वतीने विचारते' असं म्हटलं. कारकून हसला, सगळे असंच म्हणतात म्हणे. नियम असा, की विजेत्याने लेखी अर्ज केला तर नाव जाहीर करत नाहीत, आणि अधिकारपत्र दिलं तर त्याच्या वतीने दुसरं कुणी बक्षीस स्वीकारू शकतं. पैसे मात्र विजेत्याच्याच खात्यात जातात. तेव्हा खातं तुझ्या नावाने इथे, माझ्या शहरात उघडू, तुमच्या बँकेत नको. तिथला शिपाई तुझ्या नवऱ्याचा मित्र आहे असं तूच सांगितलं होतंस. बक्षीस घ्यायला मी जाईन. तुझं नाव, तुझा चेहरा कुठेही येणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुझ्या वागण्यात तसूभरही फरक पडता कामा नये. नवी साडी नाही, नवा पंखा नाही. दर आठवड्याला तिकीट काढतेस ते काढत राहा, नाहीतर तिकीटवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडेल. आणि नोकरी सोडायची नाही. निदान वर्षभर तरी नाही. एकदम नोकरी सोडणाऱ्या बाईकडे लोक आधी संशयाने बघतात. मेहुण्यांना सांगू नकोस हे सांगायची गरज नसावी.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कोटाचा मालक आला.

दोन वर्षं न आलेला माणूस, पावती हातात घेऊन समोर उभा. मी कोट हँगरवरून काढला आणि छातीशी धरून उभी राहिले. त्याच्यादेखत खिशात हात घालणार कशी? शेवटी म्हटलं, डाग राहिलाय, उद्या या. इतकी वर्षं मी डाग काढतेय, निघालेल्या डागाला राहिलाय असं आजवर कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, कोणता डाग? मी कॉलरपाशी बोट ठेवलं. त्याने वाकून पाहिलं, आणि बिचाऱ्याला दिसलाही. तिकीट निघालं, पण मला दिवसभर स्वतःची लाज वाटत होती.

तू मागे इथे विसरलेलं जुनं जाकीट स्वच्छ करून रजिस्टर टपालाने पाठवतेय. तिकीट डाव्या बाहीच्या अस्तरात शिवलंय. अर्ज, अधिकारपत्र आणि नव्या खात्याचे कागद सह्या करून खिशात ठेवलेत.

तू म्हणालीस तसं परवा पुन्हा तिकीट काढलं. तेव्हापासून मला नवीनच धास्ती लागलीय, परत लागलं तर काय करायचं?

बाकी मी जशीच्या तशी आहे. इतकी जशीच्या तशी, की किल्लीवालीने काल विचारलं, तुला काही होतंय का.

तुझी धाकटी


५ मार्च

धाकटे,

कार्य सुरळीत पार पडलं. रक्कम तुझ्या नव्या खात्यात जमा झाली. तुझं नाव कुणाच्याही तोंडी आलं नाही, एवढी खात्री बाळग.

कार्यक्रम छोटेखानी होता. दोन शब्द बोलावे लागले.

हवा बदलतेय, तब्येतीला जप.

ताई


१२ मार्च

ताई,

दोन शब्द?

आमच्या दुकानात धुतलेले कपडे बांधायला जुनी वर्तमानपत्रं येतात. काल एका वकिलाचा काळा कोट बांधायला घेतला आणि कागदातून तू माझ्याकडे बघत होतीस. हातात दाराएवढा धनादेश, गळ्यात हार, आणि खाली ठळक अक्षरांत 'भाग्यवान निवृत्त मुख्याध्यापिका'. त्याखाली तुझे दोन शब्द अख्खा स्तंभभर छापलेत. शिस्त, काटकसर आणि नशीब यांवर तू एवढं बोलू शकतेस हे मला माहीत नव्हतं. आणि 'हे तिकीट मी धाकट्या बहिणीकडे गेले असताना काढलं' असं सांगायची काय गरज होती? तिकीटवाल्याने ते कात्रण फलकाशेजारी चिकटवलंय.

वकिलाला कोट तसाच उघडा दिला.

आता ऐक, इथे काय झालं. जिन्यात माझं अभिनंदन सुरू आहे. बहिणीला लागली म्हणजे तुला लागल्यासारखंच की, असं म्हणतात. मी 'हो ना' म्हणते आणि वर येऊन पाणी पिते. ह्यांनी ती बातमी घोषणेच्या आवाजात मोठ्याने वाचून काढली, मग कागदाची घडी घातली, म्हणाले, ताईंचं नशीब, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावलेत की काय कोण जाणे. किल्लीवाली मात्र मनापासून खूश झाली. म्हणाली, तुझे कष्ट संपले आता, ताई बघेल तुझं.

तू काय करून बसलीस?

तुझी धाकटी


१८ मार्च

धाकटे,

तुझा राग रास्त आहे. पण मला बोलू दे.

तिथे गेल्यावर अधिकारी म्हणाले, विजेत्याचं नाव लपवतो, पण धनादेश कुणीतरी धरायला हवा, नुसत्या धनादेशाचा फोटो लोकांना खरा वाटत नाही. मी धरला. नावाच्या जागी त्यांनी कोरा कागद चिकटवला होता, तो विचित्र दिसू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला. मग एका बातमीदाराने विचारलं, बाई, कसं वाटतंय? त्याला 'मी विजेती नाही' एवढंच सांगून खाली उतरायचं होतं. खरंच ठरवलं होतं तसं. पण समोर खुर्च्यांच्या रांगा होत्या, माईक होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यभर बक्षीस समारंभात दुसऱ्यांना बक्षिसं वाटली. माझ्या हातात कुणी कधी काही ठेवलं नव्हतं. सुरुवात कशी झाली ते आठवत नाही, थांबले तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

आणि खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून माझा फोन वाजायचा तो चुकीच्या नंबरवाल्यांचा. आता बघ. माझे जुने विद्यार्थी येतात, पाया पडतात, दोघांनी तर मला त्यांच्या व्यवसायात भागीदार व्हायला सांगितलं. ज्या शाळेने निरोप समारंभात मला कोपऱ्यात बसवलं, तिने वार्षिक संमेलनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय. सोसायटीच्या कमिटीला लिफ्ट दुरुस्त करायची आहे आणि सगळे माझ्या दारावरून जाताना लिफ्टबद्दलच बोलतात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर रोज सकाळी माझ्या कुंड्यांना पाणी घालून जातात. माझ्या कुंड्यांत रोपं नाहीत, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

तूच विचार कर. सगळं जग माझ्या दाराशी जमलंय, तुझ्या दाराशी कुणीही नाही. याहून चांगलं संरक्षण तुला कुठल्या वकिलाने दिलं असतं? मी आहे तोवर तुझ्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. मी हे असंच चालू ठेवते. जमेल मला.

इंजिनियरांचं कुणाला सांगू नकोस.

ताई


२२ एप्रिल

ताई,

उत्तर द्यायला उशीर झाला. थोडा खोकला होता, ऋतू बदलला की होतोच.

तुझी युक्ती लागू पडली, फार लागू पडली. माझ्यावर कुणाला तिळभर संशय नाही. उलट सगळ्यांना माझी कीव येतेय. महिना उलटला, धाकटी अजून त्याच दुकानात डाग काढतेय, घरात साधा नवा पंखा नाही, म्हणजे थोरलीने एक दमडी दिलेली नाही, असं गल्लीने ठरवून टाकलंय. तुला काय काय म्हणतात ते लिहीत नाही. परवा दुकानात एक बाई म्हणाली, असली बहीण असण्यापेक्षा नसलेली बरी. मी तिच्या ब्लाउजवरचा डाग तसाच ठेवला.

तू तिकडे हार घालून बसलीयस आणि मी इकडे तुझी बदनामी ऐकतेय. सगळ्यांपासून लपवलं की शांती मिळेल असं वाटलं होतं. आता रोज कुणीतरी माझ्यासमोर तुला नावं ठेवतं आणि मला तोंड दाबून बसावं लागतं.

किल्लीवाली तुझं नावही घेत नाही. तिच्यासमोर कुणी विषय काढला की ती हातातली किल्ली जोरात घासायला लागते. पण तिचा राग निवळला असावा, कारण काल तिने आपणहून तुझा पत्ता मागून घेतला. अभिनंदनाचं पत्र पाठवायचं असेल. मला बरं वाटलं.

तुझी धाकटी


२७ एप्रिल

बाई,

आपली तशी ओळख नाही. तुम्ही इथे राहायला आला होतात तेव्हा जिन्यात भेटलो होतो. पायरी अडवून बसू नका, असं तुम्ही मला म्हणाला होतात. मी किल्लीवाली.

मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे कसं मागतात ते मला येत नाही. सरळ लिहिते.

तुमची बहीण खोकते. तुम्हाला ती सांगणार नाही. आमच्या मधली भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं. डाग काढायच्या त्या औषधांचा वास तिच्या छातीत बसलाय, दुकानाच्या मागच्या खोलीला खिडकी नाही. गेल्या महिन्यात मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हे काम सोडा. ही म्हणाली, वर्षभर तरी सोडता येणार नाही. का, म्हणून विचारलं तर तिने विषय बदलला. गरज असल्याशिवाय कोण असं करेल?

तुम्हाला घबाड मिळालं. तुमचा पैसा आहे, पुरून ठेवा नाहीतर उधळा, मला काही देणंघेणं नाही. लोक तुम्हाला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, मीही त्यात होते. पण तिला त्या खोलीतून बाहेर काढा. ती मागणार नाही. फार मानी आहे.

तिला तुमच्याकडून घेणं जड जाणार असेल तर वेगळं करू. मी तिला सांगते, मला दुकानात माणूस हवंय. ती माझ्याकडे येईल, पगार तुम्ही मला पाठवा, मी माझा म्हणून तिच्या हातात ठेवीन. तिला कधीच कळणार नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, आजवर एक दार उगाच उघडलेलं नाही.

ती माझ्या रोजच्या बोलण्यातली बाई आहे. ती गेली तर मी कुणाशी बोलू? म्हणून लिहिलं.

तिला हे पत्र दाखवू नका.

किल्लीवाली


३ मे

धाकटे,

सोबतचं पत्र वाच. दाखवू नका असं तिने लिहिलंय, तरी पाठवतेय. दिलेल्या सूचना मोडायची माझी ही पहिलीच वेळ.

'वर्षभर तरी सोडता येणार नाही' हे तुझे शब्द नाहीत, माझे आहेत. मी इथे टाळ्या घेत होते आणि तू माझी सूचना पाळत त्या खोलीत बसलीस. तू खोकतेस हे मला परक्या बाईने कळवावं? मला तुझा राग आलाय, आणि स्वतःचा त्याहून जास्त. पत्र वाचून मी रडले, आणि मी सहसा रडत नाही हे तुला माहीत आहे.

ज्या बाईला कळू नये म्हणून आपण हे सगळं केलं, ती तुझ्यासाठी माझ्यापुढे हात पसरतेय. तिला सांग. आजच सांग. ती पायरीवर बसणं सोडेल की नाही ते मला माहीत नाही, पण तिच्याशी असं वागणं यापुढे मला चालणार नाही. आणि उद्यापासून त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. ही सूचना नाही, विनंती आहे.

ताई


१४ मे

ताई,

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पायरीवर गेले आणि तिला सांगितलं. सगळं सांगितलं, तिकीट, कोट, जाकीट, तू, तुझं भाषण, आणि तिचं पत्र मी वाचलं तेही. माझं बोलून झालं तशी ती उठली, पदराने पायरी झटकली आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

मी तिथेच बसून राहिले. हे कामावरून आले, माझा चेहरा पाहिला आणि शेजारी बसले. म्हटलं, आता ह्यांनाही सांगून टाकावं. सुरुवात केली तर म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिकीट काढलंस तेव्हाच मी नंबर पाहिला होता, आणि स्थानकावर रोज पेपर येतो. मी थक्क झाले. म्हटलं, मग कुणाला बोलला नाहीत? तर म्हणाले, मी घोषणा करतो ती कागदावर लिहून दिली तरच. तू काही लिहून दिलं नाहीस. ताई, ज्या माणसाला मी महिनोन् महिने काही कळू दिलं नाही, तोच आमच्यात सगळ्यात घट्ट तोंडाचा निघाला. मला फार ओशाळं वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, खोकल्याचं औषध घेतलंस का.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली. मालकाने कारण विचारलं, मी खोकला म्हटलं, त्याने मान हलवली आणि विषय संपला. इतके दिवस ज्याची एवढी भीती घातली होतीस, त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पण किल्लीवाली पायरीवर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. दुकानात गेले तर गिऱ्हाईक नसतानाही किल्ली घासत बसली. शेवटी एकदा जिन्यात समोरासमोर आलो. मी भिंतीला टेकून वाट दिली आणि ते 'कशा आहात' ऐकायच्या तयारीने उभी राहिले. तेच ऐकायला मिळणार अशी माझी खात्रीच झाली होती.

ती थांबली. म्हणाली, "तुला वाटलं मी पैशाला घाबरून उठून जाईन? पैसा तुझ्याकडे आहे, मला काय चावणार आहे तो? मी भिंतीपलीकडे बसून तुझा खोकला ऐकत होते, आणि तू बँकेत एवढं ठेवून ते औषध हुंगत होतीस. माझ्यासाठी. माझ्यासाठी असला मूर्खपणा करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

मी रडायला लागले. ती रडली नाही, ती रागावलेलीच होती. मला म्हणाली, बस. आम्ही बसलो. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला तिने बाजूने जायला सांगितलं.

मग म्हणाली, "आणि तुझ्या ताईला मी काय काय लिहून बसले. ती बिचारी तुझ्यासाठी शिव्या खातेय. आता मला जाऊन तिची माफी मागायला हवी."

मी म्हटलं, पत्र लिही, त्यात काय. ती म्हणाली, नाही, लिहिलं ते लिहिलं, माफी तोंडावरच मागणार. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "येत्या शनिवारची गाडी आहे. भाडं तू भर. चूक तुझ्यामुळे झालीय."

या बाईने इतक्या वर्षांत माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, आणि आता जिन्यावर बसून माझ्याकडे भाडं मागत होती, तेही रागाने.

मी मान हलवली. ती पदर खोचून उठली आणि दोन पायऱ्या चढून परत वळली.

"आणि खिडकीची जागा मला पाहिजे," ती म्हणाली.

शनिवारी येतो आम्ही.

तुझी धाकटी